चिंचेनं घासलेला हेडलाइट

नवऱ्याची नोकरी होती तोवर आम्हाला मोटरसायकलच्या दिव्याची गरजच पडली नाही. ते स्टील प्लांटमध्ये इलेक्ट्रिशियन होते आणि टाउनशिपच्या रस्त्यांवर रात्रभर खांबांचा उजेड असायचा. रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडलं आणि टाउनशिपबाहेर कुरुदला घर बांधलं. तिथं घरापासून मोठ्या रस्त्यापर्यंत खांब होते, त्यांवर दिवे नव्हते. मोटरसायकल मुलाकडे गेली. तो प्लांटमध्ये ठेक्यावर लागला होता. पहिली पाळी असली की थंडीत अंधारातच निघायचा.

एका पहाटे तो गुडघा फोडून परत आला. रस्त्यात काळी म्हैस बसली होती, ती हातभर अंतरावर आली तेव्हा दिसली.

"आई, लाइट है कि अगरबत्ती, समझ में नहीं आता," म्हणून तो हसला. मला हसू आलं नाही. त्या दिवसापासून तो निघाला की मी फाटकाशी उभी राहायची. गाडीचा आवाज मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत आत जाववत नसे. तोवर चुलीवरचा चहा उतू गेलेला असायचा.

नवऱ्याच्या मागं लागले.

"बाजारातला पांढरा एलईडी घालून टाका ना. स्वस्त भेटते म्हणतात."

"समोरच्याले आंधळं करून आपल्याले काय भेटन? बल्ब चांगला आहे. तार बारीक आहे अन् अर्थिंग गंजली. करंट रस्त्यातच मरून राहिला."

"मंग तार बदला. सांगून काय राहिले?"

रविवारी त्यांनी हेडलाइट खोलला. पुढं काच आणि आत आरसा, अशी ती एकच वाटी होती. ती ओट्यावर ठेवली, "याले हात लावू नको" म्हणाले, आणि जुन्या सोबत्याकडं जाड तारेचा तुकडा मागायला गेले.

मी हात लावला. वाटी आतून मळकट दिसत होती आणि माझ्या घरात मळकं भांडं राहत नाही. काडीला फडकं गुंडाळलं, चिंचेच्या कोळात बुडवलं, वर चिमूटभर राख घेतली आणि मागच्या भोकातून आत घातलं. पितळेची समई अशीच लख्ख निघते. फडकं काळं होऊन बाहेर आलं. मला वाटलं, इतक्या वर्षांची काजळी आहे. आणखी जोर केला. जितकं घासलं तितकं काळं निघत गेलं. धुऊन पाहिलं तर आत नुसत्या करड्या पट्ट्या.

नवरा आले. वाटी उन्हाकडं धरून बराच वेळ पाहत राहिले.

"हे कोणं केलं?"

"मी. कावून?"

"अवं, काजळी नव्हती ते. आरशाची चांदी होती. सारी खरवडून काढली तू. समई समजली का?"

"मळली होती."

"मळली होती तं अर्धा तरी उजेड देत होती."

मुलगा आतून ओरडला, "मम्मी ने लाइट को भी माँज दिया!"

नवऱ्यानं गंज घासला, जाड तार जोडली. बल्ब झकास पेटला, पण उजेड पुढं जाईना, कंदिलासारखा जागीच पसरला. रविवार होता, जवळच्या कोहक्यातली पार्टची दुकानं बंद. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाची पाळी, आणि ठेकेदार नागा खपवून घेत नाही.

पहाटे मी नवऱ्याचा ड्युटीवरचा जुना टॉर्च घेऊन गाडीजवळ उभी राहिले.

"मी मागं बसते."

"आई, लोक हसतील."

"पाच वाजता कोण हसते? चाल."

त्याच्या खांद्यावरून टॉर्च धरला.

"हलवू नको ना, आई."

"तू खड्डे चुकव, मंग नाही हलत."

म्हशी होत्याच. तीन, ऐन रस्त्यात. टॉर्चमध्ये आधी डोळे चमकले. त्यानं गाडी हळू केली आणि बाजूनं काढली. मोठ्या रस्त्यावर दिवे होते, तिथं मी उतरले.

"तू जाशील कशी?"

"पायानं. जा, उशीर होऊन राहिला."

परतताना समोरून एक मोटरसायकल आली, पांढरा एलईडी लावलेली. काही दिसेना. बाजूला सरकले तर पाय नालीत गेला. त्याला एक शिवी घातली. चप्पल चिखलातून हातानं उपसून काढावी लागली.

घरी आले तर नवरा फाटकाशी उभे.

"लागला रस्त्याले?"

"लागला. चहा?"

"उतू गेला."

दुपारी मुलगा पाळीवरून आल्यावर त्यांनी भंगारवाल्या कबाड्याकडून दुसऱ्या गाडीची वाटी आणून बसवली. ती मला उघडी पाहूही दिली नाही. आता उजेड थेट वळणावरच्या बाभळीपर्यंत पडतो. आधी मी आवाज गेला की आत यायची. आता आवाज गेल्यावरही तो उजेड शेतापलीकडं दिसत राहतो, म्हणून आणखी थोडा वेळ उभं राहावं लागतं.