कापडाचं दुसरं टोक

परवा धोब्याकडून खळ घातलेलं मलमल आलं आणि त्या वासासरशी शुक्रवार पेठेतली आमची शाळा आठवली. पंजाबातून एक शीख ड्रिल मास्तर तेव्हा नुकतेच आले होते. हा दाढीवाला पोरं पळवतो, अशी गल्लीत बोलवा होती. वडील गिरणीतून रजा काढून थेट वर्गात आले. हेडमास्तरही मागोमाग आले.

"पोरीचा दाखला द्या. असल्या मानसापाशी आमी पोरगी ठिवणार न्हाय."

"लिहीपर्यंत बसा," हेडमास्तर शांतपणे म्हणाले आणि त्यांनी ड्रिल मास्तरांना बोलावून स्वतःच्या फेट्याविषयी मुलांना सांगायला लावलं. मास्तरांनी पिशवीतून फेट्याचं खळ घातलेलं लांबलचक मलमल काढलं.

"बाबाजी, एकट्याने याची घडी होत नाही. ते टोक धरता का?"

वडील स्वतः फेटा बांधणारे. ते नकळत उठले.

"ढिलं सोडू नगा की! ताना!"

मुलं हसली, मास्तरही हसले. घडी घालता घालता ते सांगत होते, "केस देवाने दिलेले, म्हणून आम्ही कापत नाही. फेट्याखाली जपतो." वडील ऐकत होते.

वडिलांना बसवून ठेवण्याच्या हेडमास्तरांच्या युक्तीचं मी पुढे बरीच वर्षं कौतुक केलं. पण आता वाटतं, हात त्या कापडात गुंतले नसते, तर वडिलांनी काहीच ऐकलं नसतं आणि मी पदवीपर्यंत पोचले नसते.

तास संपल्यावर हेडमास्तरांनी दाखला पुढे केला.

"ऱ्हाऊ द्या," वडील म्हणाले. "कापड धराया पुना कवा येऊ, तेवढं सांगा."