डावीकडून धक्का नको!

तीस वर्षं बसची घंटी ओढली की किस्से गोळा करावे लागत नाहीत, तेच धावत येऊन गाडीत चढतात! पण नोकरीच्या शेवटच्या वर्षातले किस्से मला नागिणीने दिले. ती डाव्या बरगडीवर उठली, खपल्या धरून गेली आणि आग तेवढी मागे ठेवून गेली. सदरा टेकला तरी निखारा टेकल्यासारखं व्हायचं. "मास्तरला आता डेपोत खुर्चीवर बसवा," असं वर चाललं होतं. मला मात्र गळ्यात बॅग असतानाच रिटायर व्हायचं होतं!

डॉक्टर म्हणाले, "पुरळ गेलं, पण शीर दुखावलीय. उतारवयात हे रेंगाळतं. मन कशात तरी गुंतवा."

"साहेब, पन्नासाच्या गाडीत नव्वद माणसं असतात. अजून कुठं गुंतवू?"

*

नागिणीची दोन टोकं जुळली की माणूस जातो, असं आमच्याकडे पक्कं मानतात. भूमहून परंड्याला जाताना एका म्हातारीने मी बरगडीवर धरलेल्या हाताकडे बघत विचारलं, "तोंड आन शेपूट भिडलं व्हतं का?"

"न्हाय, मावशी."

"मग दुखू द्या की! जित्या मानसालाच दुखतंय."

गोळीपेक्षा हे वाक्य मला जास्त लागू पडलं.

*

बायकोने जुन्या लुगड्याची मऊ बंडी शिवून दिली. हिरवी, बुट्ट्यांची! खाकीच्या कॉलरीतून एक बुट्टी डोकावली आणि ड्रायव्हर रशीदभाईने ती नेमकी पाहिली.

"मास्तर, ह्यो नवा ड्रेस कवा निगाला?"

"घरच्या डेपोतनं!"

*

रशीदभाई भला माणूस. खड्डा दिसला की ओरडायचा, "मास्तर, खड्डा!" मी दांडा घट्ट धरायचो. पुढे पुढे सगळी गाडीच ओरडायला लागली. एकदा एक नवखा प्रवासी झोपेतून दचकून उठला आणि थेट दाराकडे धावला!

*

दुष्काळाचं वर्ष. सोनारीकडच्या दुष्काळी कामावर जाणाऱ्या बायाबाप्यांनी गाडी खच्चून भरायची. मला गर्दी झेपते का, हे बघायला एक साहेब त्याच गाडीत चढले. बातमी गाडीभर झालीच होती.

"पुढं सरका" म्हणून तीस वर्षं घसा कोरडा केला, कधी कुणी सरकलं नाही. त्या दिवशी माझ्या डाव्या अंगाला एक माणूस मावेल एवढी जागा मोकळी! मला जागचं हलावंच लागलं नाही. पैसे हातोहात माझ्याकडे येत होते, तिकिटं हातोहात पुढे जात होती. घंटीसुद्धा पुढचाच कुणीतरी ओढत होता. साहेबांच्या मुठीत कुणी नाणी कोंबली, "द्या मागं मास्तरकडं, दोन सोनारी!" साहेबांनी मुकाट्याने दिली.

मग मात्र ते तडकले. "अरे, या गाडीत कंडक्टर आहे तरी कोण?"

खोरं धरून उभी असलेली एक बाई म्हणाली, "आमी समदे. कुनाकुनाला बसवताव खुर्चीवर?"