कमानरावाचे दही

माणसे गाडीची पारख घोड्यावरून करतात. आमचा कमानराव ती दह्यावरून करी. रविवारी सकाळी कोमट दुधाला विरजण लावायचे, हंडी घोडागाडीच्या बैठकीवर ठेवायची आणि गिरगावातून दादरपर्यंत जाऊन परत यायचे. घरी आल्यावर दही घट्ट लागलेले असले, तर गाडीच्या कमानी पास. तसे ते कधी लागले नाही.

त्याचे खरे नाव फक्त आमच्या कचेरीच्या हजेरीपटाला ठाऊक होते. त्याच्याकडे वडिलांच्या वेळची एक बंद घोडागाडी होती. तिच्या आसावर वाकवलेल्या पोलादी पट्ट्यांचे जुडगे असे, तीच कमान. खड्ड्याचा धक्का कमानीने खायचा, बसणाऱ्याने नाही. कमानराव दर आठवड्याला त्यातली एखादी पट्टी काढी, नाहीतर एखादी घाली. वाडीने बारसे केले ते त्यावरूनच.

या वेडाला कारण होत्या वहिनी, त्याची बायको. विहिरीच्या पायरीवरून त्या घसरल्या, तेव्हापासून पाठ गेली. गाडीचा साधा धक्का बसला तरी चेहरा पांढराफटक पडे, आणि आगगाडीत चढणे तर दूरच. दादरला त्यांची म्हातारी आई एकटी राही. तिला एकदा डोळे भरून पाहावे, एवढेच वहिनींचे मागणे होते. कमानरावाने शब्द दिला होता, "नेईन तर अशी नेईन, की पोटातलं पाणी हलणार नाही."

वहिनींऐवजी वजन म्हणून तो मागे मला बसवी. "तू जरा जास्तच भरतोस. अंग चोरून बस," असे वर ऐकवी. एकदा परळच्या वळणावर गाडी इतकी कलली, की मी दारावर आपटलो. कमानरावाने वळून विचारले, "हंडी ठीक आहे ना रे?"

घोडपदेवचा लोहार त्याच्यापायी मेटाकुटीला आला होता. "रावसाहेब, कमान मऊ केली तर गाडी वळणावर लोळनार, कडक केली तर उडनार. कुठंतरी थांबा की आता." कमानराव शांतपणे म्हणे, "घाई करील तो धक्का खाईल." आणि आणखी एक पट्टी घासायला देई.

पण खरी गंमत दादरला होई. गंमत म्हणायची इतकेच. आमची वाट सासूबाईंच्या दारावरूनच जात असे, आणि गाडी उभी राहिली तर दही आयतेच लागेल, ही लबाडी त्याला चालत नसे. म्हणून तो लगाम न ओढता हळूहळू पुढे जाई. माडांखाली फाटकाशी उभी असलेली म्हातारी विचारी, "माझी पोर कुठाय?" हा चालत्या गाडीतून सांगे, "आणतो, आई. दही लागू द्या." दोन वर्षे दर रविवारी दही माहेरी जाऊन आले. लेक गेली नाही.

मला राग येई. एकदा म्हणालो, "अरे, घेऊन जा की त्यांना एकदाचा!" तो म्हणाला, "आणि वाटेत कळ आली तर? तू तिचं कण्हणं ऐकलेलं नाहीस." त्याचा आवाज फाटला होता. पुढच्या रविवारी मी पुन्हा हंडीशेजारी जाऊन बसलो.

मग एका सकाळी दादरहून निरोप आला, म्हातारीचे काही खरे नाही, लवकर या. गाडी अंगणात विटांवर उभी, चाके भिंतीशी टेकलेली, कमानी घोडपदेवला. कमानराव त्या विटांकडे नुसता पाहत राहिला.

वाडीत मासळी विकून वरळीची कोळीण परत निघाली होती. तिची बैलगाडी वाडीच्या तोंडाशीच होती. वहिनी भिंत धरत धरत तिच्याकडे निघाल्या. कोळीण म्हणाली, "पेंढ्यावर आडव्या व्हा, बाय. आमच्या बैलांना धई लागत नाय."

कमानराव धावला. "अगं, तिला कमानच नाही!"

"चाकं आहेत," वहिनी म्हणाल्या.

दादरपर्यंत तो गाडीमागून चालत गेला. मीही होतो. खड्डा दिसला की दोन्ही हातांनी गाडीची मागची फळी उचलून धरी, आणि खड्डा गेला की सोडी. परळपर्यंत तळहात सोलवटले. आत वहिनी पदराचा बोळा दातांत धरून पडल्या होत्या. कण्हणे मात्र एकदाही ऐकू आले नाही.

म्हातारीत धुगधुगी होती. लेकीने हात धरल्यावर तिने डोळे उघडले आणि विचारले, "आलीस? लागलं वाटतं दही?"

"हो आई," वहिनी म्हणाल्या, "छान घट्ट लागलं."

कमानराव बाहेर जाऊन बैलांपाशी उभा राहिला. तिसऱ्या दिवशी म्हातारी गेली.

पुढे त्याने वडिलांच्या वेळच्या जुन्या, कडक कमानी गाडीला पुन्हा बसवल्या. कोणी कुरकुर केली की म्हणे, "धक्के देते खरी. पण पोचवते." आज तो नाही. तो होता तोवर त्याच्या घरी मी वर्षानुवर्षे जेवलो. वहिनी मला दही आग्रहाने वाढत आणि त्याचे पान तसेच ओलांडून पुढे जात. त्याने कधी मागितले नाही.