तिसऱ्या बराकीतली कडी

हिंगण्याच्या कारखान्यात फिटर असलेल्या संघपालने गाडी घेतली आणि पहिली लांबची चक्कर चिखलदऱ्याची ठरली. पुढे तो आणि त्याची बायको माया, मागे त्याची आई कांताबाई आणि लेक पायल. वाटेतल्या एका गावाचं नाव दिसताच पायल म्हणाली, "बाबा, इथलं इंग्रजांचं जुनं जेल दुरुस्त करून लोकांना दाखवतात. थांबू या ना!"

"थांब गा," कांताबाई हसून म्हणाल्या. "मी तं नऊ दिवस राहून आली तेथी."

ही गोष्ट घरात सगळ्यांना ठाऊक होती. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या सत्याग्रहात कांताबाईंना पकडलं, तेव्हा त्या बावीस वर्षांच्या होत्या आणि कडेवर सात महिन्यांचा संघपाल होता. नागपुरात जागा उरली नव्हती, म्हणून अकरा बायांना पोलिसांच्या गाडीतून इकडे आणलं होतं.

जेल आता ओळखू येत नव्हतं. भिंतींना नवा चुना, अंगणात हिरवळ, बसायला बाक. हर्षित नावाचा तरुण गाईड दहा-बारा लोकांना घेऊन फिरत होता. तिसऱ्या बराकीत तो थांबला. भिंतीत एक जाड लोखंडी कडी होती.

"क्रांतिकारकांना या कडीला साखळदंडाने बांधून ठेवत," तो गंभीरपणे म्हणाला. दोघा-तिघांनी फोटो काढले.

कांताबाईंना हसू आवरेना. पदर तोंडाला लावला, तरी आवाज फुटलाच.

"काय झालं, आजी?" हर्षितचा चेहरा उतरला.

"इंग्रजाच्या काळचं मले माहीत नाही, बाबू. पण या कडीले आन् त्या खिडकीच्या गजाले लुगडं बांधून आमी याची झोळी केली होती." त्यांनी सेहेचाळीस वर्षांच्या संघपालकडे बोट दाखवलं. "दिवसभर झोके खाये अन् रातभर रडे. जेलची शिपाईणबाई वैतागून म्हणे, याले सोडा, बाकीच्या राहा!"

सगळी बराक हसली. संघपाल लाजून कानापर्यंत लाल झाला. मग पुढे होऊन त्याने कडीवरून हात फिरवला आणि हलकेच ओढून पाहिली. कडी जागची हलली नाही.

"मजबूत हाये, माय," तो म्हणाला.

"मंग! तू काही हलका नव्हता."

हर्षितने खिशातून वही काढली. "आजी, इथे सत्याग्रही बाया होत्या हे आमच्या माहितीत कुठेच नाही. मला नीट सांगाल?"

"सांगतो ना. पण माहं एकटीचं नको लिहू. अकराही जणींचं लिही."

बाहेर बाकावर बसून त्या आठवून आठवून नावं सांगू लागल्या. बायजाबाई, नरखेडकडची, संत्र्याच्या बागेत कामाला जायची. प्रयागबाई, गळा गोड, रोज संध्याकाळी तीच भीमगीत सुरू करायची. गटातले लोक पुढच्या बराकीत जायचं सोडून भोवती उभे राहिले. एक बाई तर खाली हिरवळीवरच मांडी घालून बसली.

दहा नावं झाली. अकरावं काही केल्या आठवेना. "उंच होती वं, माह्या लेकराले खूप घ्यायची," असं म्हणत कांताबाईंनी कपाळाला हात लावला. हर्षितने अकरावी ओळ कोरी सोडली आणि आपला नंबर पायलला दिला.

घाट चढताना मायाने गाडीत संत्री सोलून दिली. कांताबाईंनी एक फोड तोंडात टाकली आणि एकदम पायलच्या मांडीवर थाप मारली.

"गयाबाई! लाव वं त्या पोराले फोन."