मधाचं बोट

आमची निफाडची आत्या कुणालाही भेटली की 'कशी आहेस' असं विचारायची नाही. आधी हनुवटी धरायची, तोंड उजेडाकडे वळवायची आणि निकाल द्यायची. "झोप नाय तुला." "पोट साफ नाय तुझं." एकदा दारात आलेल्या सिलिंडरवाल्यालाही तिनं सोडलं नव्हतं. तो बिचारा सिलिंडर खांद्यावर घेऊन उभा, आणि ही आपली त्याची हनुवटी धरून, "पाणी कमी पितोस तू!"

नाशिकला आमच्याकडे यायची ती एसटीनं. पिशवीत खाली द्राक्षं आणि वर जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली मधाची बाटली. खोकल्याला मध, भाजल्याला मध, परीक्षेला निघालेल्या पोराच्या तळहातावर मध. "मधानं कधी कुणाचं वाईट केलं नाय," हे तिचं पालुपद. मी जन्मले तेव्हा मला मध तिनंच चाटवला होता, आणि जो मध चाटवतो त्याचा स्वभाव लेकराला लागतो म्हणतात. मी उलट उत्तर दिलं की आई कपाळावर हात मारायची, "चाटवा अजून मध!" आत्या मात्र खूश व्हायची.

विशीत माझ्या तोंडावर पुटकुळ्यांनी मुक्काम ठोकला तो हलायलाच तयार नाही. लग्नाचं बघायला लागल्यावर एका स्थळानं निरोप पाठवला, "मुलगी छान आहे, पण चेहरा..." त्या 'पण'पायी मी उशीत तोंड खुपसून रडले. पुढचं स्थळ सिन्नरचं होतं. मुलाशी फोनवर बोलणं झालं होतं आणि तो मला आवडला होता, म्हणून तर जास्त धास्ती. आत्याला हे कळलं आणि ती पहिल्या गाडीनं हजर झाली. "पाहुणे रविवारी येणार ना? तोवर तोंड आरशावाणी करते."

मोबाईलवर कुठल्याशा बाईनं 'रिच हनी मास्क' दाखवला होता. आत्यानं त्याचं नाव ठेवलं 'श्रीमंत लेप'. मध, घट्ट साय आणि बदामाचं तेल. "ती बाई चमचाभर साय घालती. आपल्याकडं काय सायीला तोटा हाय?" असं म्हणत तिनं वाटीच उपडी केली. रोज सकाळ-संध्याकाळ थरावर थर. माझ्या उशीला मुंग्या लागल्या. आणि शुक्रवारी सकाळी आरशात बघते तर काय, जुन्या पुटकुळ्यांना लालभडक नव्या शेजारणी आलेल्या!

कॉलेज रोडच्या त्वचेच्या डॉक्टरीणबाईंपुढे आत्या माझ्याआधी खुर्चीत बसली. "अहो, मध वर्षानुवर्षं नासत नाय. मग त्यानं पोरीचं तोंड कसं नासलं?"

बाई हसल्या. "आत्या, नुसता मध पातळसा लावून धुतला असता तर बहुतेक काही झालं नसतं. पुटकुळ्या त्यानंही गेल्या नसत्या म्हणा. पण हिची त्वचा आधीच तेलकट, तिच्यावर तुम्ही साय आणि तेल थापलंत. छिद्रं बुजणारच ना."

"म्हणजे पाहुणा बरा होता, वऱ्हाड नडलं," आत्या म्हणाली. मलम मिळालं, पण उतार पडायला काही आठवडे लागतील असं बाईंनी स्पष्ट सांगितलं. रविवार तर परवावर. परतताना आत्यानं रिक्षावाल्याची हनुवटीसुद्धा धरली नाही. असं मी पहिल्यांदाच पाहिलं.

रविवारी पाहुणे आले. मी पोह्यांचा ट्रे धरून आत उभी. तेवढ्यात आत्या पदर खोचून माझ्यापुढे बैठकीत शिरली.

"पाहुणं, आधी एक सांगते. पोरीच्या तोंडावर दिसंल त्यातलं निम्मं माझं हाय. चार दिवसांत आरसा करते म्हणून मीच तिला मधाचं बोट लावलं. नावं ठेवायची तर मला ठेवा."

बाबांनी डोळेच मिटून घेतले. मग मुलगा दाढी कुरवाळत म्हणाला, "आत्या, ही दाढी मी हौसेनं नाही वाढवली. खाली माझंही तेच आहे."

आत्या पुढे झाली, त्याची हनुवटी धरली, तोंड खिडकीकडे वळवलं. "तेलकटच हाय. साय लावू नको रे बाबा!" सगळी बैठक खदखदून हसली. माझं लग्न तिथंच ठरलं.

आम्हाला मुलगी झाली तेव्हा सासूबाई मध आणि सोन्याची अंगठी घेऊन आल्या. डॉक्टरांनी बजावलं होतं, वर्षाच्या आत बाळाला मध अजिबात द्यायचा नाही. आता शेजारी बसलेली आत्या पालुपद म्हणणार, असं सगळ्यांनाच वाटलं. तिनं बाटलीचं झाकण घट्ट लावलं. "नाय म्हणल्यात ना, मग नाय. घाई करून एका पोरीचं तोंड बिघडवलंय मी."

"मग हिला स्वभाव कुणाचा लागायचा?" सासूबाईंनी विचारलं.

"लागंल कुणाचा तरी," म्हणत ती खिडकीबाहेर बघत राहिली. मधाचं बोट आपण चाटवावं असं तिला किती वाटत होतं ते मला दिसत होतं. मुलगी चालायला लागायच्या आतच आत्या गेली. तिची बाटली अजून माझ्या फडताळात आहे. एखादी मैत्रीण मधाच्या लेपाचं विचारते, तेव्हा मी 'पाहुणा बरा, वऱ्हाड नको' एवढंच सांगते.

परवा मुलगी बालवाडीतून आली. तिचे बूट काढायला मी खाली वाकले, तर तिनं चिकट हातानं माझी हनुवटी धरली, तोंड दाराच्या उजेडाकडे वळवलं आणि डोळे बारीक केले.

"आई, झोप नाय तुला."

आमच्या घरात कुणी 'नाय' म्हणत नाही. आणि मध तर कुणी चाटवलाच नव्हता हो!