लेखी हमी

माझे थोरले भाऊ, म्हणजे दादा, निवृत्त मुख्याध्यापक आहेत. निवृत्ती शाळेपुरती, घरात त्यांचा पहिला तास अजून संपलेला नाही. तीस वर्षांत माझी बायको त्यांच्याशी एक वाक्यही सरळ बोलली नव्हती. भासऱ्यासमोर डोक्यावर पदर घ्यायचा आणि सांगायचं ते नवऱ्यामार्फत, ही आमच्या घरची रीत.

तीन वर्षांपूर्वी अमरावतीला मेथी निवडता निवडता तिचं डोकं एकाएकी असं दुखलं, की ती तिथंच आडवी झाली. तपासणीत निघालं ते असं : मेंदूच्या रक्तवाहिनीला फुगा आला होता आणि तो थोडा पाझरला होता. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. मांडीच्या धमनीतून बारीक नळी वर मेंदूपर्यंत न्यायची, फुग्यात प्लॅटिनमची नाजूक तार गुंडाळून भरायची, म्हणजे आत रक्त शिरत नाही. कवटी उघडावी लागत नाही. धोका आहे : गुठळी होऊ शकते, फुगा तिथंच फुटू शकतो, पुढे पुन्हा भरू शकतो, म्हणून तपासत राहावं लागतं. पण थांबण्यात याहून मोठा धोका आहे.

मला हा माणूस आवडला. जो डॉक्टर धोका आधी सांगतो, त्याच्यावर मी विश्वास ठेवतो.

दादांना तो आवडला नाही. "दुखणं डोक्यात आणि तुम्ही शिरणार मांडीतून? काही होणार नाही असं लेखी द्या."

"तसं लेखी कोणीच देऊ शकत नाही, सर."

"मग आम्हीही सही देत नाही."

खाटेवरून बायकोनं माझी बाही ओढली. "त्यायले म्हणा, मले करायचं हाये."

मी दादांकडे पाहिलं. दादा खिडकीबाहेर पाहत होते. माझं तोंड उघडलंच नाही. स्वतःच्या जबाबदारीवर नेत असल्याच्या कागदावर सही केली ती मीच. दादांनी तिला परतवाड्याच्या घरी आरामाला नेलं. तिसऱ्या दिवशी फुगा फुटला. परत आणलं, त्याच डॉक्टरांनी त्याच मांडीतून तार भरली. ती वाचली. फुगा बंद झाला, नंतरच्या तपासणीतही बंदच दिसला. गेले ते शब्द. ते उशिरा येतात, कधी वाटेतच थांबतात. दादा मात्र पाहुण्यांना सांगत, "मी वेळेवर निर्णय घेतला म्हणून."

तेव्हापासून मी एक वाक्य जपून ठेवलं होतं. रोज धार लावत होतो.

या उन्हाळ्यात दादा अकोल्याला त्यांच्या मुलीकडे असताना त्यांच्या छातीत कळ आली. आम्ही दोघं दवाखान्यात पोचलो तेव्हा मुलगी पैसे भरायला खाली गेली होती आणि डॉक्टर दादांना सांगत होते, मनगटातून नळी घालून हृदयाच्या रक्तवाहिन्या पाहू, अडथळा असला तर तिथंच काढू. दादांची प्रमाण मराठी पार उतरली होती. "लय दुखते का हो? काई होणार तर नाई नं?"

माझं वाक्य ओठांवर आलं. तेवढ्यात शेजारून आवाज आला. हळू, एकेक शब्द वेचत.

"दुखणं... छातीत... अन् शिरता मनगटातून?"

बायको. डोक्यावर पदर नव्हता. डॉक्टर गोंधळले. ती त्यांच्याकडे वळली.

"यायले... लेखी द्या. लेखी घेतल्याशिवाय... हे सई देत नाईत."

दादांनी माझ्याकडे पाहिलं, बायकोला आवर म्हणून. मी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर रसवंतीचं घुंगरू वाजत होतं. इतकं गोड मी कधी ऐकलं नव्हतं.

"कोणी देत नाही हो लेखी," दादा शेवटी पुटपुटले.

"माहीत हाये," ती म्हणाली.

डॉक्टरांनी संमतीचा कागद पुढे केला, नातेवाइकाची सही हवी म्हणाले. तिनं पेन घेतलं आणि माझ्या हातात दिलं.

"तुमी करा. तुमाले... सवय हाये."

हे वाक्य मात्र तिला एकदाही अडखळावं लागणार नाही इतकं पाठ असावं. फक्त मधे एकदा थांबली, ती माझ्याकडे नीट पाहण्यासाठी.