गणपतीला चुना न काढलेली भिंत

त्या वर्षी आमचा गणपती डागाळलेल्या भिंतीपुढे बसला. कारण मी चुना काढू दिला नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. बोरिवलीच्या आमच्या चाळीत फवारणीवाले येऊन भिंतींवर डीडीटी मारून गेले होते. औषधाचे पांढरे ओघळ पुसू नका, वर चुना काढू नका, असं बजावून गेले. तरी माझ्या मुलीला मलेरिया झालाच. तपासणीला आलेल्या मलेरिया खात्याच्या साहेबांनी साऱ्या चाळीसमोर मला झापलं, "तुम्ही बायका भिंती रंगवता, मग डास मरणार कसे?"

मी भिंतीला बोटही लावलं नव्हतं. असा संताप आला की ठरवलं, आता गणपती आले तरी चुना नाही. सासूबाईंनी अबोला धरला. मालवणहून आलेले दीर भिंत बघून हसले. हसू देत.

विसर्जन झालं आणि पोर पुन्हा तापाने फणफणली. साहेब आले, पुन्हा तेच सुरू. मी त्यांना भिंतीपाशी नेलं. ओघळांवरच एक डास आरामात बसला होता. मी काही म्हणायच्या आत सासूबाईच पुढे झाल्या.

"माझ्या सुनेक काय बोलाचा नाय. गणपतीक पण चुनो काढूक दिल्यान नाय तिना."

पण तेवढ्याने माझं समाधान होईना. मी साहेबांना चाळीमागच्या भाजीच्या वाडीत घेऊन गेले. वाडीवाला पालकावर, मुळ्यावर हीच डीडीटीची पावडर पाण्यात कालवून सदानकदा मारायचा आणि पंप तिथल्याच डबक्यात धुवायचा. पाणी पांढुरकं झालं होतं आणि त्यात डासांच्या अळ्या मजेत वळवळत होत्या. साहेब वाकून बघत राहिले.

"लेचेपेचे डास इथेच मरतात," ते म्हणाले. "औषध पचवणारे तेवढे उरतात, त्यांचीच पिल्लावळ वाढते. भिंतीवरचं औषध त्यांना काय करणार?"

"मग याला थांबवा ना."

"शेती आमच्या खात्यात येत नाही."

"डास येतात ना माझ्या घरात?"

पुढच्या खेपेला दुसरं औषध आणू, म्हणाले. ते बाजारात मिळतं का, मी विचारलं. मिळतं, म्हणाले.

"म्हणजे हा वाडीवालाही तेच आणून भाजीवर मारणार. मग आधी याच्या बांधावर या, नंतर माझ्या भिंतीवर," मी म्हटलं आणि मुलीच्या उशाशी जाऊन बसले.